चेंज रिंगिंग: इंग्लंडमधल्या घंटावादनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या मनोऱ्यात मी घंटा वाजवते. इथे राहायला आलेली, शिकायला आलेली किंवा सुट्टीत फिरून गेलेली मराठी मंडळी मला त्याबद्दल सारखं काही ना काही विचारत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे शेवटी. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेंज रिंगिंग म्हणजे काय?

सुरात लावलेल्या पाच, सहा, आठ, दहा किंवा बारा घंटा, प्रत्येक घंटेला एक दोर आणि प्रत्येक दोराला एक माणूस. आधी सगळ्या घंटा वरच्या सुरापासून खालच्या सुरापर्यंत ओळीने वाजतात. याला राउंड्स म्हणतात. मग ठरलेल्या नियमाने दर ओळीत क्रम बदलत जातो. एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही आणि शेवटी राउंड्सवर परत यायचं. सर्वांत हलक्या, उंच सुराच्या घंटेला ट्रेबल म्हणतात आणि तिचा क्रमांक १ असतो. सर्वांत जड घंटा म्हणजे टेनर.

२. चर्चच्या घंटा गोव्यातही वाजतात. यात वेगळं काय आहे?

घंटा टांगण्याची पद्धत. गोव्यात किंवा वसईत घंटा बहुधा स्थिर असते किंवा थोडी झुलते आणि दोरीने तिचा लोलक हलवला जातो. जुन्या गोव्याच्या सें कॅथेड्रलमधल्या प्रसिद्ध ‘सोन्याच्या घंटे’चा मान तिच्या एकटीच्या नादाला आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात घंटेच्या आसाला पूर्ण चाक जोडायची रीत रुजली. त्यामुळे घंटा तोंड वर करून उभी राहते आणि प्रत्येक ओढीला जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरून पुन्हा तोंड वर करून थांबते. एका फेऱ्यात एकच ठोका. पुढचं सगळं या चाकातून आलं आहे. अशा मनोऱ्यांपैकी पाच हजारांहून अधिक एकट्या इंग्लंडमध्ये आहेत. इतर देशांत ते तुरळक आढळतात.

३. एवढी जड घंटा फिरवायला ताकद किती लागते?

वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. घंटा झोपाळ्यासारखी आहे: योग्य क्षणी दिलेला हलका रेटा पुरतो, चुकीच्या क्षणी कितीही जोर लावा, उपयोग नाही. दहा-अकरा वर्षांची मुलंही शिकतात. काही क्विंटलची घंटा सडपातळ बाई तासन्‌तास वाजवते आणि तिला घामही येत नाही. लिव्हरपूल कॅथेड्रलची टेनर चार टनांहून जड आहे आणि अशा पद्धतीने वाजणाऱ्या घंटांमध्ये ती जगात सर्वांत जड. तिला मात्र वजन आणि अनुभव दोन्ही लागतात.

दोराला दोन ओढी असतात. एका ओढीत हात सॅलीवर, म्हणजे लोकरीने गुंफलेल्या जाड, रंगीत पट्ट्यावर असतो. हा हँडस्ट्रोक. दुसऱ्या ओढीत हात दोराच्या टोकाशी असतो. हा बॅकस्ट्रोक. सॅली वेळेवर सोडणं आणि वेळेवर पकडणं हाच शिकण्याचा पहिला टप्पा. त्यात काही आठवडे जातात. तोंड वर करून उभी ठेवलेली घंटा दिसायला शांत असते, पण तिच्या दोराला सहज हात लावणं धोक्याचं आहे. मनोऱ्यात पाहुणे म्हणून गेलात तर एवढं एकच लक्षात ठेवा: विचारल्याशिवाय कुठलाही दोर धरू नका.

४. आठ सूर हाताशी आहेत, मग एखादी चाल का वाजवत नाहीत?

कारण घंटा तुमच्यासाठी थांबत नाही. एक फेरा पूर्ण व्हायला साधारण दोन सेकंद लागतात. वाजवणारा घंटेला वरच्या टोकाशी क्षणभर रोखून धरू शकतो किंवा थोडी लवकर खाली आणू शकतो, पण फार नाही. म्हणजे या ओळीत तिसरी वाजलेली घंटा पुढच्या ओळीत तिसरीच राहील, दुसरी होईल किंवा चौथी होईल. तिसरीवरून थेट सातवीवर जाणं तिच्या वजनाला झेपत नाही. एकच सूर लागोपाठ चारदा वाजवणं, मध्ये दोन मात्रा थांबणं, तान घेणं यांतलं काहीच शक्य नाही.

म्हणून इथल्या वाजवणाऱ्यांनी चालीचा नाद सोडला आणि घंटेला जे जमतं त्यातूनच संगीत उभं केलं. मला या कलेची हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. धातूचं वजन, चाकाचा घेर आणि माणसाचा हात यांनी मिळून जेवढी मुभा दिली तेवढ्यातच सगळा विस्तार आहे. कुणी एकल वादक नाही, कुणी साथीदार नाही. प्रत्येकाकडे एकच सूर, आणि तो प्रत्येक ओळीत एकदा.

५. क्रम बदलतो तो कसा? एक उदाहरण द्या.

चार घंटा घेऊ. प्रत्येक वेळी फक्त शेजारच्या घंटांची अदलाबदल होऊ शकते:

१ २ ३ ४
२ १ ४ ३
२ ४ १ ३
४ २ ३ १
४ ३ २ १
३ ४ १ २
३ १ ४ २
१ ३ २ ४
१ २ ३ ४

एक नंबरची घंटा बोटाने शोधत खाली या. ती पहिल्या जागेवरून एकेक पायरी मागे सरकते, शेवटी दोनदा वाजते आणि पुन्हा पुढे येते. बाकीच्या तिघीही तेच करतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. याला प्लेन हंट म्हणतात आणि प्रत्येक शिकणारा इथूनच सुरुवात करतो.

पण यात शेवटच्या पुनरावृत्तीआधी आठच ओळी झाल्या. चार घंटांचे क्रम होतात २४. उरलेले मिळवायचे तर १ ३ २ ४ नंतर राउंड्सवर जायचं नाही. पहिल्या दोन घंटा जागेवर ठेवायच्या आणि शेवटच्या दोघींची अदलाबदल करायची: १ ३ ४ २. तिथून हाच खेळ पुन्हा सुरू. असं तीनदा केलं की बरोबर २४ ओळी होतात आणि आपण राउंड्सवर पोचतो. एवढ्या छोट्या युक्तीवर प्लेन बॉब नावाची मेथड, म्हणजे क्रम बदलण्याची ठरलेली पद्धत, उभी आहे. कागदावर एकदा स्वतः लिहून पाहा.

६. हे संगीत आहे की गणित?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ‘गणितच’ हे उत्तर ठरलेलं असतं. मी दोन्ही म्हणते, आणि मराठी माणसाला तरी यात नवल वाटू नये.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघण राजाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात कूटतानांचा हिशोब आहे: पाच स्वर एकेकदाच घेऊन क्रम बदलले तर १२०, सहांचे ७२०, सातांचे ५०४०. नुसती मोजणी नाही. अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तानेचा क्रमांक कोणता, हे काढण्यासाठी त्याने खंडमेरूचा तक्ता दिला. नष्ट आणि उद्दिष्ट म्हणतात ते हेच. आता इंग्लंडमध्ये या. १६६८ साली रिचर्ड डकवर्थचं घंटावादनावरचं पुस्तक फेबियन स्टेडमनने छापून आणलं आणि १६७७ साली स्टेडमनने स्वतःचं पुस्तक काढलं. तिथेही तेच आकडे, तीच सगळे क्रम गाठण्याची ओढ. सात घंटांचे ५०४० क्रम हे आजही या कलेचं प्रमाण माप आहे (प्रश्न १० पाहा). दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. सूर मर्यादित असले की क्रमाकडे लक्ष जातं, आणि ते दोन्हीकडे गेलं.

फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. शार्ङ्गदेवाच्या प्रस्तारात, म्हणजे सगळ्या क्रमांच्या यादीत, लागोपाठच्या दोन तानांमध्ये एखादा स्वर पहिल्या जागेवरून थेट शेवटी जाऊ शकतो. कागदावर आणि गळ्यात त्याला काही अडचण नाही. घंटेला ती मुभा नाही (प्रश्न ४). त्यामुळे इथे प्रत्येक क्रम मागच्या क्रमाला चिकटून येतो आणि कानाला सलग विणकाम ऐकू येतं. गणिताने वाट दाखवली, पण ती वाट कानाला गोड लागते की नाही हे वेगळं पाहावं लागतं. एकाच घंटांसाठी शेकडो मेथडी आहेत. त्यातल्या काही लोक प्रेमाने वाजवतात आणि काही कुणीच वाजवत नाही. हा निवाडा कानाचाच आहे.

७. मला सगळं सारखंच ऐकू येतं. नेमकं काय ऐकायचं?

आधी क्रम ओळखायचा प्रयत्न सोडून द्या आणि लय ऐका. आठ घंटांच्या मनोऱ्यात दोन ठोक्यांमध्ये साधारण पाव सेकंदाचं अंतर असतं. चांगल्या गटाचं हे अंतर शेवटपर्यंत हलत नाही. दोन घंटा एकमेकींवर आदळल्या किंवा मध्ये खड्डा पडला तर काहीही माहीत नसलेल्या माणसालाही ते खटकतं. या नेटकेपणाला स्ट्रायकिंग म्हणतात आणि त्याच्या स्पर्धा होतात. परीक्षक आत न जाता बाहेर बसून फक्त ऐकतात आणि चुका मोजतात.

मग दर दोन ओळींनंतर येणारी बारीकशी उसंत शोधा. हँडस्ट्रोकची ओळ सुरू होण्याआधी एका ठोक्याइतकी जागा मुद्दाम मोकळी सोडतात. ती एकदा कानात बसली की एका सुरात चाललेला आवाज जोड्याजोड्यांनी उलगडायला लागतो.

त्यानंतर टेनर. सर्वांत जड आवाज ओळीत पुढे येतोय की मागे जातोय, एवढाच पाठलाग करा. शेवटी ओळीतल्या सुंदर जागा. ५ ६ ७ ८ हे चार सूर ओळीच्या अखेरीला सरळ उतरत आले की ऐकणाऱ्याला उतरणीचा दिलासा मिळतो, आणि रचनाकार अशा ओळी जास्तीत जास्त याव्यात म्हणून धडपडतात. काही ओळींना नावंच पडली आहेत. १ ३ ५ ७ २ ४ ६ ८ म्हणजे क्वीन्स. १ ५ २ ६ ३ ७ ४ ८ म्हणजे टिटम्स, ज्यात वरचे आणि खालचे सूर आळीपाळीने येतात. माझ्या कानाला टिटम्स जास्त भावतं.

चर्चच्या दारात उभं राहून ऐकू नका. थोडं दूर, जिथून आवाज मिसळून येतो अशा जागी जा.

८. समोर कागद असतो का? हजारो ओळी पाठ कशा करतात?

कागद नसतो आणि हजारो ओळी कुणी पाठ करत नाही. पाठ असते ती मेथडमधली आपल्या घंटेची वाट: इथे मागे सरक, इथे दोनदा थांब, इथे उलट वळ. ही वाट एका निळ्या रेषेने काढून अभ्यासतात आणि ती थोड्या थोड्या वेळाने पुन्हा येते. बाकीचं काम डोळे आणि कान करतात. कोणाच्या दोरामागून आपला दोर खाली यायचा हे नजरेने हेरायची सवय लागते. जड घंटेची ओढ आणि तिचा ठोका यांत हलक्या घंटेपेक्षा जास्त वेळ जातो, त्यामुळे नुसत्या डोळ्यावर विसंबून चालत नाही.

गटातला एक जण कंडक्टर असतो. तोही स्वतःची घंटा वाजवत असतो आणि ठरलेल्या जागी ‘बॉब’ किंवा ‘सिंगल’ असं ओरडतो. ते ऐकलं की काही घंटा आपली नेहमीची वाट सोडून दुसऱ्या वाटेला लागतात. त्यामुळे पुनरावृत्ती टळते आणि वादन लांबवता येतं.

९. ‘प्लेन बॉब मायनर’ आणि ‘मेजर’ यांचा मायनर-मेजर सप्तकाशी संबंध आहे का?

नाही. ती फक्त घंटांची संख्या आहे. मायनर म्हणजे सहा, ट्रिपल्स सात, मेजर आठ, रॉयल दहा, मॅक्सिमस बारा.

१०. पील म्हणजे काय? किती वेळ चालतो?

सात किंवा कमी घंटा बदलत असतील तर किमान ५०४० ओळी, आठ किंवा जास्त असतील तर किमान ५०००. मध्ये थांबायचं नाही, माणूस बदलायचा नाही, ओळ पुन्हा येऊ द्यायची नाही; सहा किंवा कमी घंटा असतील तर मात्र सगळे क्रम संपल्यावर ते पुन्हा घ्यावे लागतात. आठ घंटांवर साधारण तीन तास लागतात. नॉरिचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी झालेला सव्वातीन तासांचा पील पहिला खरा पील मानतात. लग्नात किंवा रविवारी ऐकू येतं ते याहून खूप छोटं असतं. पाऊण तासाच्या वादनाला क्वार्टर पील म्हणतात.

आठ घंटांचे सगळे क्रम होतात ४०,३२०. ते १७६१ साली केंटमधल्या लीड्स गावात माणसं बदलत बदलत सत्तावीस तासांत वाजवले गेले. एकाच गटाने, कुणीही दोर न सोडता, ते वाजवले २७ आणि २८ जुलै १९६३ला, लफबरोच्या घंटांच्या ओतशाळेत. वेळ १७ तास ५८ मिनिटं. आठ माणसं, आठ दोर, मध्ये विश्रांती नाही. मला अजूनही हा आकडा वाचताना त्यांच्याबद्दल आदर दाटून येतो.

बारा घंटांचे सगळे क्रम ४७ कोटी ९० लाखांवर जातात. अखंड वाजवले तरी तीस वर्षांहून जास्त लागतील.

११. घंटा सुरात कशी लावतात? तिचा आवाज जरा उदास का वाटतो?

घंटेचा धातू म्हणजे आपलं कासंच: साधारण ७७ टक्के तांबं आणि २३ टक्के कथील. वारीतले काशाचे टाळही जवळपास याच मिश्रणाचे. ओतल्यावर घंटा लेथवर उलटी बसवून आतून धातू खरवडतात. खरवडल्याने सूर उतरतो. पुन्हा चढवण्याची सोय जवळजवळ नसते, म्हणून हात सावध ठेवावा लागतो.

एका घंटेत अनेक सूर एकदम वाजतात. त्यांतला एक कोमल गंधाराच्या अंतरावर असतो, आणि तुम्हाला जाणवणारी उदासी बहुतेक त्याची. आणखी नवल म्हणजे आपण जो ‘घंटेचा सूर’ म्हणून ओळखतो, तो वरच्या काही सुरांच्या मेळातून आपला कान तयार करतो. एकाच घंटेतले हे पाच मुख्य सूर आपसांत जुळवायला हवेत, हा आग्रह इंग्लंडमध्ये कॅनन आर्थर सिम्पसन यांनी १८९०च्या दशकात धरला आणि लफबरोच्या टेलर ओतशाळेने तो अमलात आणला. त्यापूर्वीच्या घंटा त्याच मनोऱ्यात ऐकल्या की फरक लगेच कळतो. तरी काही जुन्या घंटांचा खरबरीत आवाज मला बदलावासा वाटत नाही.

१२. बेल्जियममध्ये मनोऱ्यातून चक्क गाणी ऐकली. ते काय होतं?

कॅरिलॉन. किमान २३ घंटा, सगळ्या स्थिर. एकच वादक लाकडी दांड्यांच्या पट्टीवर मुठीने आणि पायाने वाजवतो, तारांनी लोलक ओढले जातात. तिथे चाल, साथ, हळू-जोरात असं सगळं शक्य आहे. मेखेलेन शहरात १९२२ साली त्याची शाळाही निघाली. मुंबईच्या राजाबाई टॉवरमधून पूर्वी सुरावटी वाजत त्या मात्र यंत्राने. ही दोन्ही चेंज रिंगिंग नव्हेत.

१३. महाराष्ट्रात अशा घंटा आहेत का?

सुरात लावलेले आठ घंटांचे संच आहेत. पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाचा सुमारे १३० फूट उंच वेगळा मनोरा आहे. त्यात लफबरोच्या टेलर ओतशाळेतल्या आठ घंटा आहेत. (रानडे-टिळकांच्या १८९०च्या चहा-प्रकरणातलं पंचहौद मिशन ते हेच.) मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही टेलरच्याच आठ घंटा १९०४मध्ये बसल्या. पुण्या-मुंबईला असाल तर आधी या दोन वास्तू पाहा. पण घंटा असणं आणि चेंज रिंगिंग होणं यात अंतर आहे. चाकं आणि चौकट धडधाकट हवी आणि आठ शिकलेले हात एकाच वेळी हजर हवेत.

१४. वसईहून आणलेल्या घंटा आपल्या देवळांत आहेत. त्या अशा वाजवता येतील का?

नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरची घंटा आणि नाशिकची नारोशंकराची घंटा सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या इंग्रजी पद्धतीने चाकावर बसवायला ओतलेल्याच नव्हत्या, आणि एकेका देवळात एकच असल्यामुळे क्रमाचा प्रश्नही येत नाही. त्यांचा नाद स्वतंत्रपणे ऐकावा असाच आहे.

१५. मी ख्रिस्ती नाही. शिकू शकते का? फी किती?

शिकू शकता. बहुतेक मनोऱ्यांत धर्म कुणी विचारत नाही. अनेक वाजवणारे स्वतःही प्रार्थनेला बसत नाहीत. फक्त वास्तू चर्चची आहे आणि रविवारच्या प्रार्थनेआधी घंटा वाजवणं हे त्या गटाचं मुख्य काम आहे, याचा मान ठेवायचा. शिकवणं सहसा फुकट असतं. आठवड्यातल्या एका संध्याकाळी सराव होतो. त्या वेळी जाऊन टॉवर कॅप्टनला भेटा. बायकांबद्दलही विचारणा होते. १८९६मध्ये ॲलिस व्हाइट यांनी पील वाजवला, मनोऱ्यातल्या घंटांवर बाईने वाजवलेला तो पहिला. आज बायका सगळीकडे आहेत.

१६. एकदा ठोका जोरात, एकदा दबलेला, असं ऐकलं. घंटा बिघडली होती का?

नाही, ते शोकाचं वादन होतं. लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात. मग हँडस्ट्रोकची ओळ स्पष्ट येते आणि बॅकस्ट्रोकची तिच्या प्रतिध्वनीसारखी. अंत्यविधीला आणि नोव्हेंबरमधल्या युद्धस्मृतीच्या रविवारी असं वाजवतात. दोन्ही बाजू बांधणं फार क्वचित होतं. राजा किंवा राणी गेल्यावर तसं करतात. सप्टेंबर २०२२मध्ये देशभर ते ऐकू आलं.

घंटा पूर्णपणे गप्प होत्या त्या जून १९४०पासून. शत्रू उतरला तरच वाजवायच्या असा हुकूम होता. इजिप्तमधल्या अल-अलामेनच्या विजयासाठी नोव्हेंबर १९४२मध्ये त्या वाजल्या आणि बंदी १९४३मध्ये उठली.

१७. मनोऱ्यात आठ घंटा वाजत होत्या, पण फलकावर ‘ट्रिपल्स’, म्हणजे सात, असं लिहिलेलं. चूक आहे का?

चूक नाही. सात घंटा क्रम बदलतात आणि आठवी, टेनर, प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथेच वाजत राहते. तिच्यामुळे ओळीला पक्का शेवट मिळतो. ऐकायला शिकणाऱ्यांनी सुरुवात याच वादनापासून करावी, कारण ओळ कुठे संपली हे टेनर सांगते.

१८. पील संपल्यावर कळलं की एक ओळ दोनदा आली. मग काय?

मग तो पील धरत नाहीत. तो खोटा ठरतो, वाजवणाऱ्यांनी कितीही सुरेख वाजवला असला तरी. दोष वाजवण्यात नसून रचनेत असू शकतो, म्हणून रचना आधी तपासून घेतात. आज संगणक ते क्षणात करतो. पूर्वी हाताने, ओळ न्‌ ओळ पडताळायचे. किती खोल पाण्यात ते उतरले होते पाहा: ग्रँडसायर ट्रिपल्स या मेथडमध्ये फक्त साध्या बॉबच्या जोरावर सगळ्या ५०४० ओळी मिळवताच येत नाहीत, हे डब्ल्यू. एच. थॉम्पसन यांनी १८८६मध्ये सिद्ध केलं. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं लोक ती वाट शोधत होते. स्टेडमन ट्रिपल्सबाबत तोच प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत लटकलेला होता. तिथे उत्तर उलटं निघालं: नुसत्या बॉबवरचा पूर्ण पील रचला गेला आणि १९९५मध्ये वाजवलाही गेला.

वाजवताना दोन घंटांनी नकळत जागा बदलल्या आणि कंडक्टरच्या लगेच लक्षात आलं नाही, तर दोन तास झालेले असले तरी तो ‘स्टँड’ म्हणून थांबवतो. दोर बांधतात, खाली उतरतात आणि पुढची तारीख ठरवतात.